शरयूताईंचं घरचं काम

माझ्या नातीच्या शाळेतून रोज संध्याकाळी फोनवर 'होम ॲक्टिव्हिटी' येते. नात पहिलीत आहे. परवा कापसाचं इग्लू करायचं होतं. जावई कापूस, थर्मोकोल, चमकी आणि दोन प्रकारचा गोंद आणायला बाजारात गेला, मुलीने ओट्याशी उभं राहून इग्लू केलं, आणि नात सोफ्यावर पाय हलवत कार्टून पाहत बसली. दुसऱ्या दिवशी त्या इग्लूला तीन तारे मिळाले. मी मुलीला म्हटलं, "अभिनंदन, पहिलीत चांगली प्रगती आहे तुझी." त्यावर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. माझं तोंड तिखट आहे हे मला मान्य आहे. पण त्या संध्याकाळी मला शरयूताई खानझोडे इतक्या आठवल्या, की तोंड आवरणं कठीणच होतं.

शरयूताई रायपूरच्या आमच्या शाळेत पहिलीला शिकवायच्या, मी तिसरीला. शाळा मराठी मंडळींनी फार पूर्वी काढलेली, पण माध्यम हिंदी. निम्मी मुलं चौबे कॉलनीतल्या नोकरदारांची, निम्मी रेल्वेच्या पलीकडून, गुढियारीतून येणारी. मराठी घरातल्या मुलांना मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. शरयूताईंचं बरोबर उलट होतं. वर्धेकडून लग्न होऊन येऊन अर्धं आयुष्य रायपुरात गेलं, तरी त्यांची हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेवटी लावलेलं 'है'. पोरांना ती अचूक कळायची. पहिलीतल्या पोरापासून त्याच्या आजोबांपर्यंत सगळे त्यांना 'दीदी' म्हणायचे. ताई म्हणणारी मी एकटीच.

बुटक्या, गोलमटोल, चालणं मात्र असं भरभर की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. पदर कायम कमरेला खोचलेला. खांद्याला एक कापडी थैली. तिच्यात चिंचोके, बाटल्यांची झाकणं, सुतळीचे तुकडे आणि आम्हा सगळ्यांच्या पेना. माझी लाल पेन त्या थैलीत किती वेळा गेली आणि एकदाही परत आली नाही. हजेरीपट वेळेवर भरणं त्यांना जमलं नाही, गाणं म्हणता यायचं नाही, आणि तरी प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. चहा बशीत ओतून, फुंकर न घालता, चटका सोसत प्यायच्या. "ताई, थंड होऊ द्या," म्हटलं की म्हणायच्या, "थंडच प्यायचा तर चहा काहून करायचा?"

आणि त्यांचं घरचं काम. शेवटची घंटा झाली की त्या वर्गाच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहायच्या. त्या दिवशीचं काम ऐकल्याशिवाय कुणाला बाहेर जाता यायचं नाही. काम एकच असायचं आणि त्याला वही लागायची नाही. "आज घर में सबके चप्पल-जूते जोडीनं लगाना है. सबसे बडा किसका, वो देखके आना है." "आज आंघोळीची बालटी तांब्यानं भरना है. किती तांबे लागे, बताना है." "आज सब्जीवाली काकी को तीन सब्जी का नाम छत्तीसगढी में पूछके आना है." एवढं सांगून हात खाली घेतले, की पोरं बांध फुटल्यासारखी बाहेर पडायची. तिसरीतली माझी मुलं शाळा सुटली की फाटकाशी रेंगाळायची. पहिलीतली घरी पळत जायची.

दुसऱ्या दिवशीचा पहिला तास म्हणजे त्या कामाचा बाजार. त्यांच्या आणि माझ्या वर्गामध्ये भिंत नव्हती, दोन कपाटं होती. इकडे माझी मुलं सातचा पाढा म्हणायची आणि तिकडून ओरडा यायचा, "मेरे पापा का जूता सबसे बड़ा!" "नहीं, मेरे दादा का!" पाढा साताठ छप्पनला अडकून बसायचा. मी कपाटावर पट्टी आपटायचे. पलीकडून शरयूताई शांतपणे म्हणायच्या, "तुमी पण या न इकडे, काहून आपटून राहिल्या?"

एकदा त्यांनी सांगितलं, मिसळलेल्या डाळी वेगळ्या करून या. मूठभर पुरे. गुढियारीतला एक मुलगा होता, घरी धान्याचा मोठा व्यापार. त्याने घरभर शोधलं, पण मिसळलेल्या डाळी काही सापडेनात. व्यापाऱ्याच्या घरी कशा सापडणार? तेव्हा त्याने आधी त्या मिसळून घेतल्या. स्वयंपाकघरातले तूर, मूग, मसूर यांचे मोठे डबे एकात एक केले, त्यातली मूठभर निवडली, पुडी बांधली आणि जेवून झोपला. सकाळी त्याचे आजोबा शाळेत आले. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल.

"दीदी, ये कैसी पढ़ाई है? महीने भर की दाल एक कर दी लड़के ने!"

आम्हाला वाटलं, आता ताई माफी मागतील. ताईंनी विचारलं, "उसने छाँटी क्या?"

"मुट्ठी भर छाँटी!"

"मग बाकीची तुमी सब मिलके छाँटो. वो अकेला कैसे करेगा? लहान है."

आजोबा तडक निघून गेले. ते मुलाचं नाव काढणार असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. चार दिवसांनी तेच आजोबा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. घरातले सगळे, सुना, काका, दुकानातून आलेला मोठा मुलगासुद्धा, तीन संध्याकाळी परातीभोवती बसले होते. टीव्ही बंद. धाकट्या सुनेचा आवाज आपण त्या तीन दिवसांत पहिल्यांदा ऐकला, असं आजोबा म्हणाले. ताईंनी पेढा खाल्ला आणि मला म्हणाल्या, "पाह्यलं? मी घरचं काम पोराले देतच नाही. घराले देते." हे वाक्य त्यांनी पुढे इतक्या वेळा ऐकवलं, की मला ते पाठ झालं.

छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा शाळेत नव्या पालकांची भर पडली. भोपाळहून बदली होऊन आलेली कुटुंबं. मंत्रालय तेव्हा जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं, साहेब लोकांना घरं मिळत नव्हती, चौबे कॉलनीतली भाडी रातोरात चढली होती. या पालकांना शरयूताईंच्या कोऱ्या वह्या पाहून घाम फुटायचा. एक आई तर हेडसरांकडेच गेली. हेडसरांनी ताईंना बोलावून सांगितलं, वहीत काहीतरी लिहून देत जा. ताईंनी "हव" म्हणून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वहीत सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'आज घर के बड़ों ने बच्चे के साथ बैठकर चाय पी या दूध पिया। हस्ताक्षर।' हेडसरांनी पुन्हा हा विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी जुलैत जुई उमाळे आमच्याकडे आली. वडील मंत्रालयात लेखा विभागात, मूळचे अकोल्याकडचे, भोपाळहून बदलून आलेले. जुईची आई त्या उन्हाळ्यातच काविळीने गेली होती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, शरयूताईंनाही. पण सवय वाईट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दारात हात पसरून सांगितलं, "आज आई के साथ बैठके सब्जी निवडना है."

पोरं पळाली. जुई बाकावरच बसून राहिली. मी माझा वर्ग सोडून तिथूनच जात होते. ती अगदी सरळ आवाजात, पेन्सिल विसरलेल्या मुलाने विचारावं तसं म्हणाली, "दीदी, मेरी मम्मी नहीं है। तो मैं क्या करूँ?"

शरयूताईंचे हात पसरलेलेच राहिले. मग त्या तिच्या बाकाशेजारी जमिनीवर बसल्या. "तू माझ्यासोबत निवड," एवढंच म्हणाल्या. शाळेच्या शिपाईणबाईंनी मेथीची जुडी आणून दिली आणि दोघी व्हरांड्यात निवडत बसल्या. त्या दिवसानंतर ताईंनी घरच्या कामात 'आई' हा शब्द कधी वापरला नाही. "घर में जो बडा है, उसके साथ," असं म्हणायच्या. कधी जिभेवर 'आई' यायचंच, मग 'आ' म्हणून खोकायच्या.

त्याच संध्याकाळी त्या मला ओढून उमाळ्यांच्या घरी घेऊन गेल्या. भाड्याच्या दोन खोल्या. बदलीचे खोके अजून दोरीने बांधलेले. टेबलावर खानावळीचा डबा, अर्धा खाल्लेला. उमाळे उंच, खांद्यात वाकलेले, चाळिशीच्या आतले. आम्हाला बसायला खुर्ची कोणती द्यावी तेही त्यांना सुचेना.

"दीदी, तुमच्यापासून काय लपवू," ते म्हणाले, "मले हे नाही जमून राहिलं. तिचे केस, तिचं खाणं, ती रात्री रडते तं काय बोलाव? मी फायली पाहणारा माणूस. दिवाळीले माही बहीण येते अकोल्याहून. तिच्यासंगं पाठवून देतो जुईले. पोट्टी आहे, तिले बाईमाणूस पाह्यजे घरात."

जुई आतल्या दारात उभी होती. तिने ऐकलं की नाही कळलं नाही. शरयूताई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत तं आहे न इथं? मग तोवर घरचं काम कराल न?"

"तिचं काम मी पाहीन न."

"तिचं नाही. तुमचं."

परतताना त्या नेहमीसारख्या भरभर चालल्या नाहीत. चौबे कॉलनीच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाल्या, "वाईट माणूस नाही गं. भ्यायला आहे. पोरगी गेली न, तं हा दोन-दोन वर्षं तिचं तोंड पाहणार नाही. मग ती पाहुण्यासारखी येईन याच्याकडे." दिवाळीला किती दिवस आहेत हे त्यांनी बोटांवर मोजलं आणि पदर पुन्हा कमरेला खोचला.

दुसऱ्या दिवशीचं काम होतं, घरातली सुटी बटणं रंगाप्रमाणे लावून आणा. त्याच्या पुढच्या सकाळी उमाळे स्कूटरवरून उतरले आणि त्यांनी ताईंच्या हाती सरकारी खाकी पाकीट दिलं. आत पुठ्ठ्यावर बटणं दोऱ्याने टाचलेली, रंगवार, आकारवार, प्रत्येक ओळीखाली नाव, शेवटी बेरीज, तारीख आणि सही. असं नेटकं काम आमच्या शाळेने कधी पाहिलं नव्हतं.

"जुई, ये किसने किया?"

"पापा ने। मैं सो गई थी।"

उमाळ्यांनी तोवर स्कूटरला किक मारली होती. ताईंनी हाक मारून थांबवलं. "उमाळे साहेब, हे तुमी केलं?"

"हो दीदी. काही चुकलं काय?"

"काहीच चुकलं नाही. म्हणून शून्य."

ज्यांच्या बिलावर आजवर एक आक्षेप निघाला नसेल अशा माणसाला पहिलीच्या फाटकात शून्य मिळालं. वरिष्ठांकडे दाद मागावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी साडीचा पदर सारखा करत दुसरीकडे पाहिलं.

"काम दोघांचं होतं," ताई म्हणाल्या. "एकट्यानं केलं तं शून्य. सोडा ही बटणं, आज पुन्हा करा."

पुढे काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ताईंची कामं बदलली आहेत. आता ती एकट्याने करताच येऊ नयेत अशी असायची. चादरीची घडी करा: दोन टोकं एकाने धरायची, दोन दुसऱ्याने. एकाने बॅटरी धरा, दुसऱ्याने भिंतीवर सावलीचा ससा करा. डोळे बांधून एकाने हातात वस्तू द्यायची, दुसऱ्याने ओळखायची. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, लहानपणी कशासाठी मार खाल्ला. सगळा वर्ग, गुढियारीपासून चौबे कॉलनीपर्यंत, उमाळ्यांच्या त्या दोन खोल्यांसाठी राबत होता आणि कुणालाच पत्ता नव्हता. मी एकदा म्हटलं, "ताई, एका मुलीसाठी बाकीच्यांना कशाला?" त्या म्हणाल्या, "बाकीच्यांच्या घरी काय चादरी नाहीत?"

मग भाताचा दिवस आला. काम होतं, मोठ्यांसोबत तांदूळ धुवा आणि भात लावा. पाणी किती, तर तांदळाच्या वर बोटाचं एक पेर. रायपुरात एवढं तर पाळण्यातलं पोरही पाहत असतं. दुसऱ्या दिवशी उमाळे स्कूटर लावून आत आले. जुई त्यांचा हात ओढत पुढे.

"दीदी, काल भात कच्चा राहिला न बाप्पा," ते म्हणाले. "तुमी म्हटलं होतं एक पेर पाणी. ही म्हणे, माही पाळी. हिनं आपलं बोट बुडवलं. मी तेवढंच पाणी टाकलं."

"मग?"

"मग काय, दोघांनी कटकट चावत खाल्ला." आणि ते हसले. मोठ्याने नाही, पण हसले. जुई घाईघाईने सांगू लागली, "पापा की उँगली बड़ी है ना दीदी, पापा की डालनी थी!"

त्या दिवशी पहिलीचा धडा झाला नाही. मुलांची पेरं, ताईंचं पेर, शिपाईणबाईंचं पेर, सगळी फळ्यावर खडूने काढून झाली. मग कपाटाआडून एक पोरगा माझं बोट मागायला आला. माझ्या तिसरीच्या मुलांनी सातच्या पाढ्यातून उठून टाळ्या वाजवल्या. मोजायचं माप कुणाचं, हे ठरवल्याशिवाय मोजणं खोटं, हे त्या दिवशी त्या चिमण्या पोरांना कळलं. मला ते बीएडला कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ताईंनी बशीतून दुसरा चहा घेतला, त्यांच्या हिशेबात ही चैन होती. "हसला न बाप्पा तो माणूस आज," त्या म्हणाल्या.

पोळा आला. रायपुरात गोल बाजारात मातीचे बैल येतात, चाकांचे; आमच्या विदर्भातल्या घरी लाकडी असतो. ताईंनी सांगितलं, बैल कुठलाही चालेल, पण सजावट विकतची नको, घरात जे असेल त्याची. वर्गात बैलांची रांग लागली. कुणाच्या अंगावर आजीच्या साडीचा काठ, कुणाला मिरच्यांची माळ. जुईच्या मातीच्या बैलाला फायलीची लाल फीत वेसण म्हणून बांधली होती आणि शिंगांना गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. रांगेत पुढे कोण, यावरून जुई एका मुलाशी कडाकडा भांडली. "मेरा बैल आगे जाएगा! पापा ने और मैंने बनाया है!" आम्ही तीन शिक्षिका ते भांडण सोडवायला गेलो नाही. जुलैपासून तिचा चढलेला आवाज कुणी ऐकलाच नव्हता. ताई डोळे पुसत होत्या आणि मुलांना सांगत होत्या की खडूची पूड गेली.

दिवाळीच्या सुट्टीला आठवडा उरला तेव्हा जुईची आत्या अकोल्याहून आली आणि शाळेत दाखल्याची चौकशी करायला आली. मी मनातून तिच्यावर आधीच रागावलेली होते, पण बाई इतकी चांगली निघाली की रागावता येईना. "मले दोन आहेत, त्यात ही तिसरी," ती म्हणाली. "दादा सकाळी नऊले घराबाहेर, संध्याकाळी सातले घरात. पोरीची जात आहे, उद्या मोठी होईन. त्यानं एकट्यानं काय काय पाहाव?" तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. शरयूताईंनी तिला चहा पाजला, जुई काय खाते, कशाला घाबरते, झोपताना कोणती गोष्ट ऐकते हे सगळं सांगितलं. थांबवायचा एक शब्द बोलल्या नाहीत.

मला राहवेना. "ताई, तुम्ही उमाळ्यांशी बोला. तुमचं ऐकतील ते."

"म्हणून तं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "माह्या म्हणण्यावरून ठेवली, तं जड दिवस आला की माहं नाव घेईन आन पाठवून देईन."

सुट्टीच्या आदल्या दिवशी उमाळे स्वतःच आले. फाटकाशी, हेल्मेट हातात फिरवत. "दीदी, तुमाले काय वाटते?"

"मले विचारू नका," ताई म्हणाल्या. "मले तं माह्या वर्गातलं एक पोर कमी झालेलं चालत नाही. माह्या बोलण्याचा काय भरवसा? तुमी दोघं बसा आन ठरवा. तिले पण विचारा. सहा वर्षांची आहे, तिले तोंड आहे."

ते मान हलवून गेले. जुई स्कूटरवर पुढे उभी राहून हात हलवत होती. ताई शिक्षकांच्या खोलीत आल्या, थैली टेबलावर ठेवली आणि रडल्या. लपवून नाही, खडूचं नाव न घेता, सरळ. "गेली तं मले लय जड जाईन गं," म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी चहा सांगितला. तो मात्र त्या दिवशी थंड झाला.

पुढे तीन-चार वर्षांनी शरयूताई निवृत्त झाल्या आणि मुलाकडे नागपूरला गेल्या. मी त्यांना गाडीत बसवून दिलं, नंतर एकदा नागपूरला जाऊन भेटूनही आले. तरी त्यांची म्हणून जी शेवटची छबी मनात आहे ती त्या भेटीतली नाही. ती त्या वर्षी दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवसाची आहे.

त्या सकाळी ताई लवकर आल्या होत्या. फाटकाजवळच्या कुंडीतली वाळलेली पानं काढत होत्या, जी काढायचं काम त्यांचं नव्हतं. मुलं येत गेली, स्कूटरी थांबत गेल्या, निघत गेल्या. प्रार्थनेची घंटा झाली. जुई आली नाही. ताई प्रार्थनेला उभ्या राहिल्या, पण त्यांचा आवाज त्या दिवशी ऐकू आला नाही. हजेरी घेताना 'जुई उमाळे' हे नाव त्यांनी वाचलं, थांबल्या, आणि पुढचं नाव वाचलं. कपाटांआडून मला सगळं ऐकू येत होतं. मी माझ्या मुलांना लिहायला दिलं, पाढा म्हणायला सांगवेना.

मधल्या सुट्टीनंतर फाटकाशी उमाळ्यांची स्कूटर थांबली. ते एकटेच होते. पुढची, जुईची उभं राहायची जागा रिकामी. मी व्हरांड्यातून पाहिलं आणि मनात म्हटलं, आला दाखला न्यायला. ताईंनीही तेच म्हटलं असणार, कारण वर्गातून फाटकापर्यंतचं ते एवढंसं अंतर त्या अगदी हळू चालत गेल्या. मी मागे गेले. ताईंना एकटं जाऊ देणं मला बरं वाटेना.

उमाळ्यांची दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. धाप लागल्यासारखे बोलत होते.

"दीदी, जुईले ताप आहे. परवापासून. डॉक्टरले दाखवलं, औषध देऊन राहिलो. दोन दिवस शाळेत येणार नाही ती. शेजारच्या काकूले बसवून आलो, लगेच जातो."

"अन् आत्या?" ताईंनी विचारलं.

"ती गेली भाऊबीज झाल्यावर. एकटीच. मी म्हटलं तिले, राहू दे. जमते आमाले."

उमाळ्यांनी घड्याळ पाहिलं, मग थोडं ओशाळून म्हणाले, "ती उठल्यापासून एकच लावून बसली. पापा, जाऊन विचारून या. म्हणून आलो. आजचं घरचं काम काय आहे, दीदी?"

इतकी वर्षं रोज नवं काम काढणाऱ्या शरयूताई त्या माणसासमोर नुसत्या उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "आज काही नाही. आज नुसते तिच्याजवळ बसा."

"बसतो," उमाळे म्हणाले. स्कूटर वळवून ते गेले.

शेवटची घंटा झाली तेव्हा पहिलीची पोरं दप्तरं पाठीला अडकवून दाराशी गोळा झाली. ताई दारात उभ्या होत्या, हात पसरलेले. मुलं वाट पाहत होती. मागून एक पोरगी ओरडली, "दीदी, आज का काम?"

शरयूताईंनी हात खाली घेतले. "जा रे घरी," त्या म्हणाल्या. "आज मले काहीच सुचून नाही राहिलं."